इंजिनातला साक्षीदार : गाडीचे ‘ॲव्हरेज’ का पडते, याचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

१/
समजा, नाशिक रोडच्या जेल रोडवर एक पेट्रोल गाडी आहे. महिन्याचा प्रवास दीड हजार किलोमीटर. लिटरला १८ किलोमीटर देणारी ही गाडी काही महिन्यांत हळूहळू १५ वर आली. पूर्वी ८३ लिटर पुरत, आता १०० लागतात. लिटरचा भाव शंभराच्या पुढे, म्हणजे वर्षाला वीस हजारांहून अधिक रुपये हवेत जातात. गाडी मात्र निमूट धावते आहे. आवाज नाही, डोळ्यांना दिसेल असा धूर नाही, डॅशबोर्डवर दिवाही नाही. अशा चोरीचा माग अनेकदा अंगठ्याएवढ्या एका सेन्सरपाशी पोहोचतो. हा धागा त्या सेन्सरचा, आणि त्याच्या साक्षीवर किती विश्वास ठेवावा या प्रश्नाचा.

२/
आरंभ सेन्सर नसलेल्या काळापासून करावा लागेल. प्रीमियर पद्मिनी आणि ॲम्बॅसेडर यांच्या जमान्यात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण कार्बोरेटर करीत असे. त्यात विजेचा तर्क नव्हता. हवेच्या झोतामुळे निर्माण होणारा कमी दाब, पेट्रोल सोडणारे बारीक छिद्राचे जेट आणि मिस्त्रीच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर, एवढाच कारभार. मिस्त्री इंजिनाचा आवाज ऐके, सायलेन्सरचा वास घेई आणि प्लग काढून त्याचा रंग पाही. प्लग काळाकुट्ट असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरका असेल तर हवा जास्त, बिस्किटी असेल तर सारे ठीक.

३/
हा रंग ज्या गोष्टीचा पुरावा होता ती गोष्ट नेमक्या आकड्यात सांगता येते. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल त्याहून अधिक झाले तर मिश्रण ‘रिच’, हवा अधिक झाली तर ‘लीन’. मिस्त्रीला हा आकडा ठाऊक असण्याची गरज नव्हती. त्याच्या नाकाला आणि कानाला तो ठाऊक होता.

४/
१९७३ च्या तेलसंकटानंतर इंधनाची बचत हा सरकारी धोरणाचा विषय झाला. १९७८ मध्ये पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना स्थापन झाली. टायरमधील हवा तपासा, एअर फिल्टर स्वच्छ ठेवा, सिग्नलला इंजिन बंद करा, ही शिकवण घरोघरी पोहोचली ती त्या मोहिमेतून. या सगळ्या सूचनांत एक गृहीतक होते : दोष डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो. पुढच्या पिढीतल्या गाड्यांनी नेमके हेच गृहीतक मोडले.

५/
ती कथा समजण्यासाठी जर्मनीला जावे लागते. वाल्थर नर्न्स्ट या रसायनशास्त्रज्ञाने १८८९ मध्ये एक समीकरण मांडले. दोन ठिकाणी एखाद्या पदार्थाचे प्रमाण वेगवेगळे असेल तर त्या फरकातून किती विद्युतदाब निर्माण होईल, हे त्यातून काढता येते. १८९७ मध्ये त्याने एक दिवाही शोधला. त्यातली कांडी झिर्कोनियासारख्या ऑक्साइडांची होती. थंड असताना ती वीज वाहू देत नसे. आधी तापवली की मात्र प्रखर उजळे. नर्न्स्टला १९२० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. दिवा मागे पडला, पण कांडीचा गुणधर्म राहिला.

६/
तो गुणधर्म असा : तापलेल्या झिर्कोनियातून ऑक्सिजनचे आयन सरकू शकतात. या चिनी मातीसारख्या पदार्थाची एक टोपी करून आत बाहेरची स्वच्छ हवा आणि बाहेरून इंजिनाचा धूर ठेवला, तर दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या फरकातून विद्युतदाब मिळतो. म्हणजे नर्न्स्टचे समीकरण आणि नर्न्स्टच्या दिव्यातला पदार्थ एकत्र आले की ऑक्सिजन मोजणारा सेन्सर तयार होतो. नाशिक रोडकरांनी एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुराडी रोज पाहिली आहेत. औष्णिक केंद्रांत बॉयलरच्या धुरातील ऑक्सिजन मोजण्यासाठी याच तत्त्वावरची उपकरणे वापरतात. हवा कमी पडली तर कोळसा अर्धवट जळतो. ती जास्त झाली तर उष्णता धुराड्यातून निघून जाते.

७/
मोटारीला हा सेन्सर मिळाला तो बचतीसाठी नव्हे. लॉस एंजेलिसच्या आकाशातील दाट धुरक्याचा संबंध मोटारींच्या धुराशी आहे, हे हागेन-स्मिट या संशोधकाने १९५० च्या दशकात दाखवून दिले. १९७० मध्ये अमेरिकेत स्वच्छ हवेचा कडक कायदा आला. तीन प्रकारची विषारी द्रव्ये एकाच वेळी निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शक्य झाला, पण त्याची एक अट होती. मिश्रण १४.७ च्या अगदी निकट राहिले पाहिजे. कार्बोरेटरचा स्क्रू आणि मिस्त्रीचा कान इतके काटेकोर राहू शकत नव्हते.

८/
१९७६ मध्ये बॉश कंपनीचा ‘लॅम्डा’ सेन्सर व्होल्वोच्या अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांवर प्रथम बसला. मिश्रणाच्या प्रमाणासाठी वापरले जाणारे ग्रीक अक्षर म्हणजे लॅम्डा, म्हणून हे नाव. धुरात ऑक्सिजन उरला असेल तर सेन्सरचा दाब ०.१ व्होल्टच्या आसपास राहतो. ऑक्सिजन संपला असेल तर तो ०.९ च्या जवळ जातो. हा निरोप ऐकून इंजिनाचा संगणक इंधन वाढवतो किंवा घटवतो. पुन्हा धूर तपासला जातो, पुन्हा दुरुस्ती होते. हे चक्र सेकंदागणिक चालते.

९/
त्याच बॉशशी संबंधित मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे ‘मायको’, भारतात १९५१ मध्ये स्थापन झाली. तिचा सातपूरचा कारखाना नाशिकच्या औद्योगिक ओळखीचा भाग बनला. २००८ मध्ये कंपनीचे नाव ‘बॉश लिमिटेड’ झाले, तरी ‘मायको सर्कल’ हे नाव शहराच्या तोंडी टिकले. सातपूरची ख्याती मात्र डिझेलच्या नोझल आणि इंजेक्टरांची. पेट्रोल गाडीतला ऑक्सिजन सेन्सर भारतीय रस्त्यावर सर्वत्र दिसायला १९७६ नंतर जवळजवळ पाव शतक जावे लागले. विलंबाचे एक मोठे कारण पेट्रोलमध्येच होते.

१०/
ते कारण म्हणजे शिसे. जुन्या पेट्रोलमध्ये शिशाची संयुगे मिसळलेली असत. त्यांचा थर कन्व्हर्टर आणि सेन्सर दोघांनाही निकामी करतो. १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि तेथे शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. पण अशी गाडी कसारा घाट चढून महानगराबाहेर पडली की तेच पेट्रोल प्रत्येक पंपावर मिळेल, याची शाश्वती नव्हती. संपूर्ण देशातून शिसेयुक्त पेट्रोल हद्दपार झाले ते फेब्रुवारी २००० मध्ये.

११/
दरम्यान एप्रिल १९९९ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरातील नव्या मोटारींसाठी युरो मानकांचे वेळापत्रक ठरवून दिले. २००० मध्ये त्या धर्तीची मानके देशभर आली. कार्बोरेटरची सद्दी संपली. गाड्यांच्या मागच्या काचेवर, डिकीवर ‘एमपीएफआय’ ही अक्षरे मिरवू लागली. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर आणि सगळ्यांवर एक संगणक, असा तो अर्थ.

१२/
या बदलाचे वर्णन बहुधा ‘यंत्र हुशार झाले’ असे केले जाते. अधिक नेमके वर्णन असे की यंत्र विश्वास ठेवू लागले. कार्बोरेटर कोणावर विश्वास ठेवीत नसे, त्याला काही सांगणारे कोणी नव्हते. संगणकाला इंजिन दिसत नाही. तापमान, हवा, धूर यांविषयी सेन्सर जे सांगतील तेवढेच त्याचे जग. साक्षीदार चुकला तर संगणक त्या चुकीच्या साक्षीवर अचूक गणित करतो. इंधन वाया जाते, पण हिशेबात कोठेही चूक सापडत नाही.

१३/
साक्षीदार चुकला हे कळावे कसे? एप्रिल २०१० मध्ये भारत स्टेज-४ मानके १३ शहरांत लागू झाली. त्या यादीत मुंबई, पुणे आणि सोलापूर होते, नाशिक नव्हते. या गाड्यांपासून दोष स्वतः नोंदवणारी ‘ओबीडी’ व्यवस्था आली आणि २०१३ मध्ये तिची पुढची पायरी सक्तीची झाली. देशभर भारत स्टेज-४ आले २०१७ मध्ये, भारत स्टेज-६ आले २०२० मध्ये. गॅरेजमध्ये स्कॅनर आला. स्टीअरिंगखालच्या सॉकेटला तो जोडायचा, दोषाचा क्रमांक वाचायचा. येथून एक नवी चूक सुरू झाली : क्रमांकात ज्या सेन्सरचे नाव, तो सेन्सर बदला.

१४/
इतिहासाच्या अभ्यासकाला ही चूक ओळखीची वाटेल. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात पानिपतच्या काळातली अस्सल पत्रे होती. पत्रांच्या कसोटीला लावल्यावर बखरींतली कितीतरी विधाने टिकेनात. बखर निरुपयोगी असते असे नाही. पण ती घटनेनंतर लिहिलेली, सारांशरूप आणि कोणाच्या तरी सांगण्यावर बेतलेली असते. पत्र त्या दिवसाचे असते, तारखेसह.

१५/
स्कॅनरवरचा दोष-क्रमांक ही बखर आहे. ‘मिश्रण लीन’ असे तो सांगतो, म्हणजे संगणकाचे तसे मत झाले एवढेच. अस्सल पत्रे त्याच स्कॅनरच्या दुसऱ्या पानावर असतात : इंजिन चालू असताना क्षणोक्षणी उमटणारे व्होल्ट, अंश आणि टक्के. जेल रोडच्या गाडीत तर बखरही लिहिलेली नाही. दोष दिवा लागण्याच्या मर्यादेच्या आत आहे. पत्रांवाचून दुसरे साधन नाही.

१६/
पहिली पायरी मूळ तक्रार तपासण्याची. डॅशबोर्डवरचा ‘ॲव्हरेज’चा आकडाही संगणकाचेच मत आहे. त्याऐवजी टाकी फुल करावी, किलोमीटर टिपावेत, चारपाचशे किलोमीटरनंतर शक्यतो त्याच पंपावर पुन्हा फुल करून भागाकार करावा. असे दोनतीनदा केले तरच उत्तर भरवशाचे. सोबत टायरमधील हवा पाहावी आणि ब्रेक चाकाला धरून तर राहत नाही ना, हे पाहावे. रोजचा रस्ता बदलला असेल, बिटको चौकातल्या खोळंब्यात गाडी अधिक वेळ उभी राहत असेल, तर सेन्सर निर्दोष आहे.

१७/
दुसरा साक्षीदार कूलंटच्या तापमानाचा. तो तापतो तसा त्याचा विद्युतरोध घटतो. अनेक गाड्यांत २० अंशांना तो सुमारे अडीच हजार ओहम असतो, ८० अंशांना सुमारे तीनशे. त्याची तार तुटली तर संगणकाला वाटते, बाहेर उणे ४० अंश आहे. निफाडला पारा चारपाच अंशांवर उतरला तरी बातमी होते. उणे ४० वर संगणकालाही शंका येते आणि तो दिवा लावतो. खरा धोका अर्धवट खोटे बोलणाऱ्या सेन्सरचा. गंजलेल्या कनेक्टरमुळे तो इंजिन तापल्यावरही ३० अंशच सांगत राहिला, तर ते विधान अशक्य नसते. संगणक थंड इंजिनाला द्यावे तसे जादा पेट्रोल देत राहतो.

१८/
पण येथेही घाई नको. थर्मोस्टॅट उघडाच अडकला असेल तर इंजिन खरोखरच पुरेसे तापत नाही. मग सेन्सर खरे सांगतो आहे, आणि तो बदलून काही साधत नाही. तपासणी सोपी : गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी सुरू करण्यापूर्वी स्कॅनर लावावा. कूलंट आणि बाहेरून येणारी हवा या दोहोंचे तापमान तेव्हा जवळजवळ सारखे दिसले पाहिजे. एका घटनेची दोन स्वतंत्र पत्रे जुळतात का, हा तोच प्रश्न.

१९/
तिसरा, आणि सर्वांत अधिक बदनाम झालेला साक्षीदार म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. त्याची उलटतपासणी ‘फ्युएल ट्रिम’ने करतात. संगणक ठरलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के इंधन वाढवतो वा घटवतो, तो हा आकडा. ट्रिम उणे असेल, तर सेन्सर ‘पेट्रोल जास्त आहे’ असे सांगतो आहे आणि संगणक ते कमी करू पाहतो. मग गळका इंजेक्टर, इंधनाचा वाढलेला दाब किंवा दुसरा एखादा सेन्सर यांकडे वळावे. ट्रिम अधिक २० टक्के असेल, तर सेन्सर ‘पेट्रोल कमी आहे’ असे सांगतो आहे.

२०/
आता जुन्या मिस्त्रीची विद्या उपयोगी पडते. जेल रोडच्या गाडीत ट्रिम अधिक २० आहे असे मानू. सेन्सरच्या मते इंजिन उपाशी. प्लग काढून पाहावा. तो पांढुरका असेल तर सेन्सर खरा, कोठून तरी जादा हवा शिरते आहे किंवा पेट्रोल पुरेसे पोहोचत नाही. पण प्लग काजळीने काळा असेल तर इंजिन उपाशी नव्हे, अजीर्णाने त्रस्त आहे. म्हणजे साक्ष आणि वस्तुस्थिती यांत विसंगती आहे. संगणकाला प्लगचा रंग पाहता येत नाही, माणसाला पाहता येतो.

२१/
यानंतरही सेन्सर दोषी ठरत नाही. तो पेट्रोल मोजत नाही, फक्त ऑक्सिजन मोजतो. सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या पाइपची गॅस्केट फुटली असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. एखादा प्लग मधूनमधून ठिणगी चुकवत असेल तर न वापरलेला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो. दोन्ही वेळा सेन्सर ऑक्सिजन पाहतो आणि खरेच सांगतो. ‘ऑक्सिजन आहे, म्हणजे पेट्रोल कमी’ हा निष्कर्ष मात्र संगणकाचा, आणि तो चुकीचा.

२२/
निवाडा करायला एक छोटी चाचणी पुरते. इंजिन पूर्ण तापू द्यावे, कारण नर्न्स्टच्या कांडीप्रमाणे हा सेन्सरही तीनशे अंशांच्या पुढे तापल्याखेरीज बोलत नाही. मग ॲक्सिलरेटर झटक्यात दाबून सोडावा. दाबताना मिश्रण रिच होते, सोडताना इंधन कापले जाते. धडधाकट सेन्सर ०.९ कडे उसळतो आणि लगेच ०.१ कडे उतरतो. तो मंद हलला किंवा मधेच अडकला, तर त्याच्या आतल्या हीटरची वायरिंग तपासून सेन्सर बदलावा. तो चपळ हलला, पण इंजिन मंद गतीवर असताना ०.१ लाच चिकटून राहिला, तर सेन्सर सोडून गॅस्केट आणि प्लग पाहावेत.

२३/
दोन गाड्या, दोघींचे ॲव्हरेज १५, दोघींचे प्लग काळे, दोघींची ट्रिम अधिक २०. एकीत सेन्सर म्हातारा झालेला, दुसरीत गॅस्केट फुटलेली. केवळ क्रमांक वाचणारा दोघींचाही सेन्सर बदलेल. पहिलीचा मालक त्याचे गुण गाईल. दुसरीचा मालक पैसे देऊनही तेवढेच पेट्रोल जाळत राहील. जादा पेट्रोलने मधल्या काळात कन्व्हर्टर तापून निकामी झाला, तर खर्च सेन्सरच्या कितीतरी पट होईल. आणि ज्या हवेसाठी हा सारा खटाटोप १९७६ मध्ये सुरू झाला, तीही बिघडत राहील.

२४/
नाशिक रोडला १९२५ पासून भारत प्रतिभूती मुद्रणालय आहे आणि १९२८ पासून चलनी नोटांचा छापखाना. खऱ्या-खोट्याची पारख हा या गावाचा जुना धंदा आहे. नोट पारखणारा एकाच खुणेवर निकाल देत नाही. जलचिन्ह, धागा, छपाईचा उठाव असे सारे जुळवून पाहतो. पेट्रोलच्या वाढत्या बिलाला उत्तर शोधणाऱ्यानेही तेच करायचे आहे. स्कॅनर वाचणारा तरुण मेकॅनिक आणि प्लगचा रंग ओळखणारा जुना मिस्त्री एकाच बॉनेटवर वाकून बोलू लागले, की जेल रोडच्या त्या गाडीचे सतरा लिटर पुन्हा टाकीत राहतील.

धागा समाप्त.